रिपोर्ट १०० टक्के वेळेवर, पण आकड्यांवर विश्वास बसत नाही. सुरुवात कुठून करू?

नवा_एमओ:

नमस्कार सगळ्यांना. प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर म्हणून रुजू होऊन सहा महिने झालेत. मासिक रिपोर्टवर माझी सही असते आणि पहिले चार महिने मी ती न बघता केली, हे आधीच सांगून टाकतो. पोर्टलवर आमचं केंद्र कायम हिरव्या रंगात, रिपोर्ट दर महिन्याला वेळेत, एकही रकाना रिकामा नाही, मीटिंगमध्ये कौतुक पण होतं.

गेल्या आठवड्यात लसीकरणाचं रजिस्टर घेऊन बसलो आणि एका महिन्याचे पेंटाचे (पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीचे) तिसरे डोस बोट ठेवून एकेक मोजले तर ४१ भरले. रिपोर्टमध्ये ४७. परत मोजले, परत ४१. मग बाकीचंही बघायला लागलो. त्याच महिन्यात पेंटाचा पहिला डोस ३८ आणि तिसरा ४७, म्हणजे पहिल्यापेक्षा तिसरा जास्त, गळती (पहिला डोस घेऊन तिसऱ्याला न आलेली मुलं) उणे येतेय. वर्षाचं कव्हरेज, म्हणजे टार्गेटमधल्या किती मुलांना लस मिळाली ते, ११२ टक्के. आणि बीपीचं रजिस्टर उघडलं तर पानंच्या पानं १२०/८०, १३०/८०, १४०/९०, मधलं काही नाहीच.

आमच्याकडे दोन सिस्टर आणि एक डेटा एंट्री ऑपरेटर आहेत, तिघंही मनापासून काम करतात, मी डोळ्यांनी बघतो. त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं व्हायला नको. पण माझ्या सहीने चुकीचा आकडा वर जात असेल तर तेही मला झोपू देत नाही. सुरुवात कुठून करू? सॉफ्टवेअरमध्ये नियम टाकून घेऊ, ट्रेनिंग घेऊ, की अजून काही? वरून एवढंच सांगतात की पाठवायच्या आधी आकडे जुळवून घ्या, आणि हे "जुळवून घ्या" ऐकलं की मला जास्तच अस्वस्थ वाटतं.

----

मोजपट्टी:

सर, तुम्ही रजिस्टर काढून हाताने मोजलंत ना, तीच सुरुवात. सॉफ्टवेअर नंतर.

हिरव्या रंगावर आधी बोलतो. तो रंग दोनच गोष्टी सांगतो, रिपोर्ट आला आणि वेळेत आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या डेटा क्वालिटी रिव्ह्यूच्या पद्धतीत ही फक्त पहिली पायरी आहे, त्याच्यापुढे आकडे आपसात जुळतात का, सर्व्हेसारख्या बाहेरच्या माहितीशी जुळतात का, आणि ज्या लोकसंख्येने भागतोय ती तरी बरोबर आहे का, हे सगळं बघायचं असतं. पण मीटिंगमध्ये पहिलंच दाखवायला सोपं म्हणून तेच दाखवलं जातं आणि हळूहळू सगळ्यांना वाटायला लागतं की पूर्ण म्हणजे बरोबर.

तुम्ही केलंत त्याला पडताळणी गुणोत्तर म्हणतात. रजिस्टरमधून परत मोजलेला आकडा भागिले रिपोर्टमधला आकडा. तुमचं ४१ भागिले ४७, म्हणजे ०.८७. एकच्या खाली म्हणजे रजिस्टरमध्ये आहे त्यापेक्षा जास्त कळवलं, एकच्या वर म्हणजे कमी कळवलं. साधारण १० टक्के इकडेतिकडे चालवून घेतात, तुमचं त्याच्या बाहेर गेलंय. पण एका महिन्याच्या एका आकड्यावरून कुणालाही काही बोलू नका प्लीज, तीन महिने घ्या, तीन-चार वेगवेगळे आकडे घ्या आणि प्रत्येकाचं गुणोत्तर वेगळं ठेवा. सगळ्यांची बेरीज करून एकच काढलं तर एकीकडचं जास्त दुसरीकडच्या कमीमध्ये बुडतं आणि वरून सगळं छान दिसतं, हे मी वरच्या ऑफिसात वर्षानुवर्षं होताना बघितलंय, शंभर केंद्रांची बेरीज अगदी जुळलेली आणि त्यातलं एकही केंद्र जुळत नाही.

आता उणे गळती. एका महिन्यात तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त आला म्हणजे चूक झालीच असं नाही. पेंटा सहा, दहा, चौदा आठवड्यांना देतात, म्हणजे या महिन्यात तिसरा डोस घेतलेलं बाळ पहिल्या डोसला साधारण दोन महिन्यांपूर्वी आलं होतं, या महिन्याच्या पहिल्या डोसवाली बाळं वेगळीच आहेत. मध्ये लसीचा साठा संपला होता का, कुणी बाळंतपणाला दुसरीकडे जाऊन पहिला डोस तिकडेच घेऊन आलं का, हे बघा. सलग १२ महिन्यांची बेरीज घ्या. वर्षभराच्या बेरजेतही तिसरा जास्त असेल तर मात्र नीट शोधायला पाहिजे.

११२ टक्क्यांचं तर बहुतेक वेळा वरच्या आकड्यापेक्षा खालच्या, म्हणजे ज्याने भागतो त्या आकड्यात गोम असते. टार्गेट जुन्या जनगणनेला जन्मदराने गुणून काढलेलं असतं, मधल्या काळात वस्ती वाढली, बाहेरची मुलं तुमच्याकडे लस घ्यायला येतात, ती वर मोजली जातात आणि खाली नाहीत. ते तुमच्या सिस्टरांच्या हातात नाही, त्याचा दोष त्यांच्यावर येऊ देऊ नका.

----

रजिस्टरवाली_सिस्टर:

सर तुम्ही संशय नको म्हणालात ते वाचून बरं वाटलं म्हणून लिहितेय, नाहीतर अशा चर्चेत आमच्याबद्दल बोलतात, आमच्याशी नाही.

लसीकरणाच्या दिवशी काय होतं ते सांगते. पस्तीस-चाळीस बाळं, अर्धी रडतायत, आया उभ्या. गोवराची किंवा बीसीजीची बाटली एकदा डायल्युंट घालून तयार केली की चार तासांच्या आत वापरायची नाहीतर फेकायची, त्यामुळे डोकं घड्याळाकडे. एका बाळाची नोंद मी आईच्या कार्डावर करते, रजिस्टरमध्ये करते, टॅली शीटवर रेघ मारते आणि नंतर मोबाईल ॲपमध्ये टाकते. चार ठिकाणी. आता गर्दीत कुठली नोंद मागे पडेल? कार्डावरची नाही, कारण आई समोर उभी असते आणि पुढची तारीख तिला पाहिजे असते. मागे पडते ती रजिस्टरची आणि टॅलीची. मग दुपारी सगळे गेल्यावर उरलेल्या सिरिंजा आणि बाटल्या मोजून टॅली पूर्ण करायची. ही खोटी नोंद नाही हो, पण ती बाळ बघून केलेली नोंद पण नाही, हे मला कळतं.

दुसरं म्हणजे रजिस्टर आणि रिपोर्ट एकमेकांशी बोलतच नाहीत. रजिस्टरमध्ये जन्मतारीख आहे आणि रिपोर्टला पाहिजे एक वर्षाच्या आतली किती, वरची किती. महिनाअखेर प्रत्येक ओळीला मनात वजाबाकी करायची, तीन-तीन पानं. पानाखाली बेरजेची जागा नाही. माझ्या आधीच्या केंद्रात आम्ही एक साधी गोष्ट केली, रजिस्टरच्या प्रत्येक पानाच्या खाली पेन्सिलने चार चौकटी आखल्या, पान भरलं की त्याच दिवशी त्या पानाची बेरीज लिहायची, महिनाअखेर फक्त पानांच्या बेरजा मिळवायच्या. एवढ्याने आमचे आकडे जुळायला लागले. कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं.

आणि शून्याबद्दल कुणीतरी बोला. एखाद्या रकान्यात शून्य टाकलं की फोन येतो, शून्य कसं काय, परत बघा. रिकामं ठेवलं की फोन येतो, रिपोर्ट अपूर्ण आहे. गेल्या महिन्यापेक्षा कमी आलं की फोन येतो. बरोबर आकडा टाकला म्हणून मला आजपर्यंत एकदाही फोन आलेला नाही. मग नवीन आलेली मुलगी दोन महिन्यांत शिकते की गेल्या महिन्याच्या जवळपास टाकलं की कुणी विचारत नाही. तिला हे कुणी शिकवलेलं नसतं.

----

कोडवाला:

ताईंचा शून्याचा मुद्दा अगदी महत्त्वाचा आहे आणि त्याला एक टेक्निकल बाजू पण आहे. मी डीएचआयएस २ वर काम करतो (आरोग्याचे आकडे गोळा करायचं सॉफ्टवेअर, ऑस्लो विद्यापीठात तयार होतं ते, बऱ्याच देशांच्या आरोग्य विभागांत तेच वापरतात). त्यात प्रत्येक डेटा एलिमेंटला, म्हणजे फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला, शून्य साठवायचं की नाही अशी वेगळी सेटिंग असते आणि ती मुद्दाम चालू केली नाही तर ऑपरेटरने टाकलेलं शून्य साठवलंच जात नाही. म्हणजे सिस्टरने मोजून, खात्री करून लिहिलेलं शून्य आणि कुणी भरलंच नाही तो रकाना, डेटाबेसमध्ये दोन्ही सारखेच. मलेरियाचे शून्य रुग्ण ही केवढी मोठी बातमी आहे, आणि ती "माहिती आली नाही" म्हणून हरवते. तुमच्या सिस्टिममध्ये हे कसं आहे ते ॲडमिनला एकदा विचारून घ्या.

नियम टाकण्याबद्दल माझा अनुभव सांगतो, मी स्वतः असे नियम लिहिलेत म्हणून. नियम दोन तऱ्हेने लावता येतात, एक म्हणजे सेव्हच होऊ द्यायचं नाही, दुसरं म्हणजे सेव्ह होऊ द्यायचं पण इशारा दाखवून कारण लिहायला सांगायचं. पहिला प्रकार आम्ही एकदा लावला, तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त असेल तर फॉर्म पुढे जाणारच नाही असा. पुढच्या महिन्यात सगळी केंद्रं नियमात बसली. आम्हाला आनंद झाला. मग एका केंद्रात जाऊन बघितलं तर ऑपरेटरने रात्री अकरा वाजता फॉर्म अडकल्यावर पहिल्या डोसचा आकडा वाढवून तो पुढे ढकलला होता, त्याच्याकडे दुसरा मार्गच नव्हता, मुदत त्या रात्रीची होती. माझ्या नियमाने एका जागी दिसणारी विसंगती घालवली आणि एक नवा चुकीचा आकडा तयार केला. तेव्हापासून मी अडवणारा नियम फक्त अशक्य गोष्टीला लावतो, म्हणजे तपासलेल्यांपेक्षा पॉझिटिव्ह जास्त वगैरे. बाकी सगळीकडे इशारा आणि शेरा.

बाहेर पडलेले आकडे शोधायला सुधारित झेड-स्कोअर वापरतात, मध्यकापासून (क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्यापासून) किती लांब आहे ते बघायचं, ३.५ च्या पुढे गेलं की तपासायचं. त्याने ४७ च्या जागी ४७० झालेलं लगेच सापडतं. पण ४१ च्या जागी ४७ कधीच सापडणार नाही. किमान-कमाल मर्यादा पण मागच्या महिन्यांवरूनच काढतात, आणि मागचेच महिने चुकीचे असतील तर खरा आकडा टाकल्यावर सिस्टिम त्यालाच लाल करते. म्हणून मोजपट्टी म्हणतायत तेच, आधी रजिस्टर.

----

आकडेमोड:

बीपीबद्दल लिहितो, कारण तिथे रजिस्टर आणि रिपोर्ट तंतोतंत जुळतील आणि तरी आकडा चुकीचा असेल. परत मोजून ती चूक सापडत नाही.

शेवटच्या आकड्यावर बोट ठेवून बघा सर. हाताने घ्यायच्या बीपीच्या मशीनवर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे शेवटी ०, २, ४, ६, ८ यातलं काहीतरी आलं पाहिजे आणि प्रत्येक साधारण पाचातून एकदा. डिजिटल मशीन असेल तर दहाही आकडे साधारण सारखे, दहातून एकदा. शंभर नोंदी घ्या, वरच्या बीपीचा शेवटचा अंक लिहून काढा. शंभरात ऐंशी वेळा शून्य आलं तर काटा वाचून जवळच्या दहावर नेऊन लिहिलंय. आणि हाताचं मशीन असताना १३७ दिसलं तर तेही विचारा, कारण त्या खुणांवर १३७ नसतंच.

याने बिघडतं काय? सगळा निर्णय १४०/९० वर आहे. नियंत्रणात म्हणजे त्याच्या खाली. १३६ ला १४० लिहिलं की औषध घेऊन बरा असलेला माणूस "नियंत्रणात नाही" मध्ये गेला, त्याचा डोस वाढवला जाऊ शकतो. १४४ ला १४० लिहिलं तर वर्गवारी तीच राहते. आणि १४२ ला "चला १३० लिहू" झालं तर ज्याला औषध पाहिजे तो घरी गेला. नवजात बाळाच्या वजनात पण हेच. कमी वजन म्हणजे २५०० ग्रॅमपेक्षा कमी, आणि २४५० ला अडीच किलो लिहिलं की ते बाळ कमी वजनाच्या यादीतून बाहेर, त्याच्या घरी जास्तीच्या भेटी होत नाहीत. मी हे वाचून सांगत नाहीये, असं एक बाळ मला माहितीये, कार्डावर २.५ होतं आणि ते नक्की अडीच नव्हतं. ते आता ठीक आहे. पण तेव्हापासून २.५ दिसलं की मी थांबतो.

काटा नीट वाचायला वेळ लागत नाही, पण दोन रुग्णांमध्ये मिनिटभर तरी पाहिजे आणि दंडाला बांधलेल्या पट्ट्यातली (कफमधली) हवा सावकाश सोडली पाहिजे. ओपीडीत ते मिनिट सिस्टरला कोण मिळवून देणार, हे तुम्हीच ठरवू शकता, तुम्ही एमओ आहात.

----

जुना_खेळाडू:

सगळे चांगलं सांगतायत, पण माझं थोडं वेगळं मत आहे. प्रामाणिकपणाच्या चुका एक आणि आकड्याला बक्षीस लागल्यावर होणाऱ्या चुका दोन, या वेगळ्या आहेत आणि दुसरीला पेन्सिलच्या चौकटींनी काही होत नाही. गॅव्हीने (गरीब देशांना लसींसाठी पैसे देणारी आंतरराष्ट्रीय संस्था) एकेकाळी देशांना तिसऱ्या डोसच्या प्रत्येक जादा मुलामागे २० डॉलर दिले. २००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, सरकारी आकड्यांप्रमाणे जादा मुलं १ कोटी ३९ लाख, सर्व्हेंवरून काढलं तर ७४ लाख. साधारण निम्मी. एवढ्या मोठ्या पातळीवर हे होतं तर एका केंद्राच्या रँकिंगमध्ये होणार नाही का? तुमच्या केंद्राला किंवा स्टाफला कुठल्या आकड्यावर पैसे किंवा शाबासकी मिळते ते आधी बघा आणि त्या आकड्यापासून मोजायला सुरुवात करा.

----

रजिस्टरवाली_सिस्टर:

@जुना_खेळाडू दादा मुद्दा बरोबर आहे पण सरांनी लगेच तिथून सुरुवात केली तर सिस्टर गप्प होतील आणि मग काहीच कळणार नाही. आधी बरोबर बसून मोजा. रजिस्टर त्यांच्या हातात द्या, तुम्ही फक्त रेघा मारा.

----

नवा_एमओ:

तीन आठवड्यांनी लिहितोय, उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचे खरंच मनापासून आभार, कारण मी एक मोठी चूक करता करता वाचलो.

सिस्टर ताईंनी सांगितलं तसंच केलं. शनिवारी दुपारी ओपीडी संपल्यावर मोठी सिस्टर रजिस्टर वाचत गेली, मी कागदावर पाच-पाचच्या जुड्या करत गेलो. ४१. ती म्हणाली, सर थांबा, बाहेरच्या सत्राची वही आणते. मला अशी वही आहे हेच माहीत नव्हतं. महिन्यातून दोनदा केंद्राबाहेर एका वस्तीत जाऊन लस देतात, तिकडे मोठं रजिस्टर नेता येत नाही म्हणून एक छोटी वही, पिशवीत राहून कोपरे दुमडलेली. त्यात तिसऱ्या डोसची नऊ नावं. म्हणजे ४१ आणि ९, पन्नास. मी म्हटलं आता तर अजूनच जुळत नाही. तिने नऊ नावांपुढच्या जन्मतारखा दाखवल्या, तीन मुलं वर्षाच्या वरची, ती वेगळ्या रकान्यात गेली होती. उरली सहा. ४१ आणि ६, सत्तेचाळीस. तिचा रिपोर्ट बरोबर होता. चूक मोजण्यात नव्हती, मी ज्याला मूळ रजिस्टर समजत होतो तेच अपुरं होतं. मी हे ०.८७ घेऊन तिला जाब विचारला असता तर तिने पुन्हा कधी वही दाखवली असती का, माहीत नाही.

खरी चूक दुसरीकडे निघाली, जिथे मला शंकाच नव्हती. गरोदर मातांची पहिली तपासणी, रिपोर्टमध्ये ३१, रजिस्टरमधून मोजली तर २३. तिघांना वेगवेगळं विचारलं, "पहिली तपासणी" म्हणजे काय? मोठी सिस्टर म्हणाली या गरोदरपणातली पहिली. धाकटी म्हणाली आपल्या केंद्रातली पहिली. ऑपरेटर म्हणाला ज्या ओळीला नवीन नंबर आहे ती. दुसरीकडे तपासणी झालेल्या आणि सातव्या महिन्यात माहेरी आलेल्या आठ बायका अशा पहिल्यात मोजल्या गेल्या, आणि त्या तिकडेही मोजल्या गेल्या असणार. तिघंही आपापल्या परीने बरोबर मोजत होते. व्याख्येचा कागद कपाटात होता, आता तो रजिस्टरच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलाय.

बीपीच्या शंभर नोंदी काढल्या, शेवटी शून्य ८४ वेळा. यात माझ्या स्वतःच्या हातच्या नोंदी पण आहेत, त्याही तशाच. पुढच्या महिन्यात परत शंभर काढणार आहे.

शून्याच्या सेटिंगबद्दल वर लेखी विचारलंय, उत्तर आलं की टाकतो. आणि एक प्रश्न अजून आहे. ती छोटी वही बंद करून बाहेरच्या सत्राची नावं परत आल्यावर मोठ्या रजिस्टरमध्ये उतरवून घेऊ का? मला वाटतं त्यात परत एक उतरवण्याची चूक वाढेल.

----

रजिस्टरवाली_सिस्टर:

उतरवू नका सर, पाचवी नोंद होईल ती. वही राहू द्या, फक्त तिला नंबर द्या, रजिस्टर क्रमांक दोन असं वर लिहा आणि रिपोर्टच्या ऑफिस कॉपीवर मागे लिहून ठेवा की हा आकडा रजिस्टर एक आणि दोन मिळून आहे. उद्या तुमची बदली झाली आणि दुसरे सर मोजायला बसले तर त्यांना ती वही मागता आली पाहिजे. आणि मोठ्या सिस्टरला प्लास्टिकचं कव्हर द्या तिच्यासाठी, पावसात भिजते ती.

----

मोजपट्टी:

ताईंशी सहमत. ३१ च्या जागी २३ असा दुरुस्त रिपोर्ट पाठवाल तेव्हा शेऱ्यात कारण लिहा, नाहीतर वर ते घसरण म्हणून दिसेल आणि फोन तुमच्या ऑपरेटरला येईल. मागचे किती महिने असे मोजले गेलेत ते पण बघा, जमलं तर वर्षाच्या सुरुवातीपासून दुरुस्त करा.

----

नवा_एमओ:

चार महिने मागे गेलोय, चारही महिन्यांत तेच. दुरुस्ती पाठवतोय, शेऱ्यात कारण लिहिलंय आणि खाली फोन नंबर माझा दिलाय.